काळी वाकटी: युरोपात पकड घटली म्हणजे मासा घटला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "फ्रान्समध्ये राहतो. सुपरमार्केटात 'साब्र' नावाने लांब, पांढऱ्या, बिनकाट्याच्या तुकड्या मिळतात. चव आपल्या वाकटीच्या जवळची. इथले काही मित्र सांगतात की हा खोल समुद्रातला मासा संपत आलाय, घेऊ नकोस. मादेरा बेटावर फिरायला गेलो तर तिथे हॉटेलाहॉटेलांत हाच मासा, तळलेल्या केळ्याबरोबर. पकडीचे आकडे काढले तर वर्षानुवर्षं खाली आलेले. मग खरं काय? आणि घ्यावा की नाही?"

आधी उत्तर, मग पसारा. हा मासा, म्हणजे काळी वाकटी, युरोपात मुख्यतः तीन ठिकाणी पकडला जातो, तीन वेगळ्या पद्धतींनी आणि, बहुतेक चर्चेत सुटतं ते हे की, त्याच्या आयुष्याच्या तीन वेगळ्या टप्प्यांवर. फ्रेंच ट्रॉलरांची पकड उतरली ती बरीचशी कायद्यामुळे, डिझेलमुळे आणि गिऱ्हाईक बिथरल्यामुळे. पोर्तुगालच्या मुख्य भूमीसमोरची पकड कमीजास्त होत टिकून आहे. मादेराची, म्हणजे अटलांटिकमधल्या त्या पोर्तुगीज बेटाची, पकड मात्र नव्वदच्या दशकाच्या शेवटी जिथे होती तिथून जवळपास निम्म्यावर आली, आणि काळजी करायचीच तर माझ्या मते तिथली करावी. हे तिन्ही आकडे एका बेरजेत घातले की निघणारा आलेख कुणाच्याच कामाचा नसतो.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. पोर्तुगाल आणि फ्रान्समधून मासळी उचलणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी खरेदी आणि तपासणीचं काम करतो. शास्त्रज्ञ नाही, पण त्यांचे अहवाल वाचल्याशिवाय या धंद्यात भाव बोलता येत नाही, म्हणून वाचतो.

तर मासा. शास्त्रीय नाव ॲफॅनोपस कार्बो. रिचर्ड थॉमस लो नावाचे एक इंग्रज पाद्री मादेरात राहत, त्यांनी 1839 साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. कूळ ट्रायकियुरिडी, म्हणजे आपल्या वाकटीचंच. तुम्हाला चवीत जे जाणवलं ते खरंखुरं नातं आहे, म्हणून इथे मी त्याला सरळ काळी वाकटी म्हणतो. नातं मात्र तिथेच थांबतं. आपली वाकटी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातली, डोलीच्या जाळ्यातही भरपूर येणारी. ही राहते 200 ते 1,700 मीटर खोलीत. दिवसा खाली, रात्री भक्ष्यामागे थोडी वर. पकड बहुतेक 800 ते 1,300 मीटरवर होते.

सेझिंब्रा हे लिस्बनच्या दक्षिणेचं बंदर. तिथल्या लिलावघरात गळाने धरलेला ताजा मासा पाहिला तर काळ्या अंगावर तांब्याची झाक दिसते. मीटरभर लांब, चपटा, खवल्याचं नाव नाही. डोळा जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा. दात असे की खोकं उचलणारे हातमोजे काढत नाहीत. अंगावरून बोट फिरवलं की काजळी लागल्यासारखं बोट काळं होतं. गळाच्या माशाची कातडी बरीचशी शाबूत असते. ट्रॉलच्या जाळ्यात दोन-चार तास इतर माशांबरोबर घासून आलेल्याची जागोजागी सोललेली, आतून पांढरी दिसणारी. फ्रान्समध्ये हा मासा तुम्हाला अख्खा दिसला नसेल त्याचं एक कारण हे. अख्खा ठेवला तर गिऱ्हाईक दचकेल, म्हणून डोकं उडवून, कातडी काढून तुकड्याच विकतात. मादेरात उलट: फुंशाल या तिथल्या राजधानीच्या मंडईत तो डोक्यासकट दगडी कट्ट्यावर रांगेने मांडतात आणि काळा थर सुरीने खरवडून देतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. हजार मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या शंभरपट असतो. तिथून वर ओढलेला मासा मेलेलाच येतो. त्यामुळे दोन वाटा बंद होतात. एक, खूण बांधून सोडायचा आणि पुढे कुठे सापडतो ते बघायचं, हा माशाचा प्रवास शोधायचा नेहमीचा मार्ग इथे चालत नाही. दोन, "लहान आला तर परत सोडा" हा नियम केला तरी पाण्यात परत जातं ते मढं.

आता प्रवासाविषयी. खूण बांधता येत नाही म्हटल्यावर उरतं पोट चिरून बघणं, कानातला खडा (ज्याच्या थरांवरून माशाचं वय कळतं) तासून बघणं आणि जनुकं तपासणं. यांतलं पहिलं आपल्या घरच्या बायकासुद्धा करतात: गाभोळी आहे का? स्कॉटलंड-आयर्लंडच्या पश्चिमेला, रॉकॉलच्या खोलगट भागात पकडलेल्या काळ्या वाकटीत पक्की गाभोळी सापडत नाही. मासे बहुतेक मीटरच्या आतले, वयात न आलेले. पोर्तुगालच्या मुख्य भूमीसमोर त्याहून मोठे, पण गाभोळी तिथेही पिकत नाही. मादेरा आणि कॅनरी बेटांकडे गेलात की सप्टेंबर ते डिसेंबरात भरलेल्या माद्या मिळतात. मादी साधारण 103 सेंटिमीटरला वयात येते, आणि मादेराचे मासे बहुतेक त्याच्या वरचे असतात.

यावरून शास्त्रज्ञांनी मांडलेला अंदाज असा: अंडी दक्षिणेत, मादेरा-कॅनरीच्या आसपास, पिलं उत्तरेकडे जातात, ब्रिटिश बेटांच्या पश्चिमेला खाऊन वाढतात, मग पोर्तुगालच्या उतारावरून सरकत परत दक्षिणेला, अंडी घालायला. सगळा मिळून एकच साठा. प्रत्यक्ष पाठलाग कुणी केलेला नाही, पण आकार, गाभोळी आणि कानखड्यांतल्या रासायनिक खुणा यांची सांगड याच्याशी बसते, आणि मला हे पटतं. उत्तरेत खाणं भरपूर असतं. तिथल्या काळ्या वाकटीच्या पोटात ब्लू व्हायटिंग नावाचा छोटा मासा सर्रास निघतो.

हे मान्य केलं की पकडीचे आकडे वेगळ्याच नजरेने वाचावे लागतात. फ्रेंच ट्रॉलर वाढीच्या वयातला मासा उचलतो, सेझिंब्राचा तांडेल वाटेवरचा, मादेराचा तांडेल अंड्यावर आलेला. उत्तरेत जास्त उचललं तर त्याचा फटका उत्तरेतच दिसेल असं नाही. काही वर्षांनी तो मादेराच्या खोक्यात दिसेल. आणि मादेरात अंड्यावरच्या माद्या जास्त उचलल्या तर उत्तरेत पिलं कमी पोचतील.

कारभार मात्र या प्रवासाच्या रेषेत नाही. ईशान्य अटलांटिकमधल्या साठ्यांवर सल्ला देते ती कोपनहेगनची आयसीईएस, समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद. तिच्या नकाशाची हद्द मादेराच्या उत्तरेलाच संपते. मादेरा पडतं पूर्व-मध्य अटलांटिकच्या वेगळ्या क्षेत्रात. त्यामुळे पिलांच्या वाढीची जागा एका टेबलावर आणि अंडी घालायची जागा दुसऱ्या टेबलावर. युरोपीय संघ 2003 पासून खोल समुद्रातल्या माशांना पकडीची मर्यादा घालतो, तीही काळ्या वाकटीसाठी तीन तुकड्यांत: एक उत्तरेची, एक पोर्तुगालच्या मुख्य भूमीपासून अझोर्सपर्यंतची, एक मादेराकडची. मासा एक, वह्या तीन.

फ्रेंच बाजू. 1980 च्या दशकाच्या शेवटी फ्रेंच ट्रॉलर उथळ पाण्यातल्या कोट्यांना (पकडीच्या मर्यादांना) कंटाळून ब्रिटिश बेटांच्या पश्चिमेच्या उतारावर खोल उतरले. तिथे चार-पाच जातींचा मासा एकाच जाळ्यात येई: ग्रेनेडियर, ब्लू लिंग, ऑरेंज रफी, काळी वाकटी आणि खोल पाण्यातल्या मुशी (शार्क). मासा बऱ्याचदा स्कॉटलंडच्या लॉकिन्व्हर बंदरात उतरवायचा आणि ट्रकने फ्रान्सला न्यायचा. बिनकाट्याची पांढरी तुकडी, नाव कुणाला माहीत नाही, भाव परवडणारा. शाळांच्या आणि कंपन्यांच्या खाणावळींत ती खपली.

ऑरेंज रफीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शंभर वर्षांहून जास्त जगणारा, वयात यायलाच दोन-तीन दशकं घेणारा मासा. काही वर्षांत ढीग उपसला आणि 2010 पासून युरोपीय संघात त्याची मर्यादा शून्य आहे. ग्रेनेडियरही पन्नाशी ओलांडणारा, सावकाश वाढणारा. काळी वाकटी या पंगतीत बसवली जाते ती खोलीमुळे. वाढीचा वेग बघितला तर ती त्यांतली नाही. तिचं वय नेमकं किती यावर कानखडे वाचणाऱ्यांत वाद आहेत, कारण खडा अख्खा वाचला की एक वय येतं आणि कापून वाचला की बरंच जास्त. तरीही ती रफीसारखी शतकभराची नाही यावर सगळे एकमत आहेत. तुमच्या मित्रांचं "खोल समुद्रातलं काहीच खाऊ नको" हे वाक्य रफीसाठी बरोबर होतं, काळ्या वाकटीला ते सरसकट लावता येत नाही.

पण ट्रॉलचं जाळं जात बघून ओढत नाही. तळावरून फिरणाऱ्या जड दोऱ्या आणि लोखंडी पट्ट्यांखाली शतकानुशतकं वाढलेली थंड पाण्यातली प्रवाळं मोडतात, आणि आरोप मुख्यतः त्याचा होता. 'ब्लूम' या फ्रेंच संस्थेने मोहीम चालवली. 2013 च्या शेवटी व्यंगचित्रकार पेनेलोप बाजियू यांनी या विषयावर एक छोटी चित्रकथा काढली, ती इंटरनेटवर तुफान फिरली आणि सह्यांचा पाऊस पडला. त्याच वर्षी 10 डिसेंबरला युरोपीय संसदेत संपूर्ण बंदीचा प्रस्ताव 342 विरुद्ध 326 मतांनी पडला. पण दुकानदारांनी मत मोजायची वाट पाहिली नाही. ज्याची स्वतःची ट्रॉलर कंपनी होती त्या 'इंटरमार्शे' साखळीने 2014 च्या सुरुवातीलाच जाहीर केलं की आपल्या बोटी पुढच्या वर्षापासून 800 मीटरच्या खाली ट्रॉल ओढणार नाहीत. डिसेंबर 2016 मध्ये युरोपीय संघाचा कायदा आला आणि 800 मीटरच्या खाली तळावर ट्रॉल ओढायला बंदी झाली.

आता बघा: जो मासा मुख्यतः 800 च्या खालीच मिळतो त्यावर 800 ची रेघ ओढली. फ्रेंच पकड खाली येणारच होती. यातून साठ्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. रेघेच्या वर, ब्लू लिंगच्या मागे गेलेल्या जाळ्यात जी काळी वाकटी येते तेवढी येते. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर या पट्ट्याचा कोटा दोघांच्या वाटाघाटीत अडकला, ही आणखी एक भर. आइसलँड आणि फेरो बेटांकडेही थोडी पकड होते. ती मुख्य चित्र बदलत नाही.

सेझिंब्राकडे मी जास्त वेळ घालवतो, कारण खोल समुद्रातली मासेमारी लहान बोटींनी, ट्रॉलशिवाय, चार दशकं कशी चालू राहते याचा तो नमुना आहे. 1983 च्या सुमारास तिथे हा धंदा सुरू झाला. पद्धत अशी: एक लांब दोर, त्याला ठरावीक अंतराने बारीक दोऱ्या आणि प्रत्येकीला गळ. एका दोराला 4,000 ते 10,000 गळ. सुरुवातीच्या वर्षांत कमी, पुढे वाढत गेले. आमिष सार्डिनचं. मधे मधे दगड आणि तरंगते गोळे बांधतात, म्हणजे दोर तळावर सरळ न झोपता लाटेसारखा वरखाली राहतो आणि गळ तळापासून थोडे वर लोंबतात. बोट एका फेरीत मागच्या वेळी टाकलेला दोर ओढते आणि त्याच फेरीत आमिष लावलेला नवा दोर टाकून घरी येते. म्हणजे दोर दिवस-दोन दिवस पाण्यात राहतो आणि बोट मोकळी बसत नाही. आमिष लावायचं काम किनाऱ्यावर, हाताने, टोपल्यांमध्ये दोर गोल गोल रचत; एक गळ उलटा पडला तर टाकताना पूर्ण गुंता होतो. हे काम करणारे हात मिळणं कठीण झालंय, आणि सेझिंब्राच्या धंद्याला पुढच्या दहा वर्षांत खीळ बसली तर ती मासा संपल्याने नव्हे, या हातांमुळे बसेल असं माझं मत आहे.

आमिषाची आठवण ठेवा. इबेरियन किनाऱ्यावरची सार्डिन 2010 च्या दशकात इतकी घटली की पकडीवर कडक निर्बंध आले. सार्डिन महाग झाली की काळ्या वाकटीचा नफा घटतो, मग कमी दोर टाकले जातात, मग "पकड घटली". असे आडवे धागे आलेखात दिसत नाहीत.

सेझिंब्राची खरी दुखरी बाजू मुशींची. याच गळांना खोल पाण्यातल्या दोन जातींच्या मुशी लागतात. पूर्वी त्या विकल्या जात, यकृताच्या तेलाला भाव होता, आणि तांडेलाच्या हिशोबात ती हक्काची कमाई होती. या मुशी फार हळू वाढतात, पिलं थोडी देतात, म्हणून 2010 पासून त्यांची मर्यादा शून्य केली. मुशी मात्र कायदा वाचून गळ सोडत नाहीत. शून्य मर्यादेत उतरवता येत नाही, म्हणून मेलेली मूस समुद्रातच टाकायची, आणि मग किती लागल्या याची नोंदही विरळ होत जाते. 2017 आणि 2018 साठी काळ्या वाकटीच्या गळांना लागणाऱ्या मुशींसाठी वर्षाला 10 टनांची छोटी सवलत ठेवली, ती मुख्यतः आकडे मिळावेत म्हणून. हा धंदा "शाश्वत" आहे असं छातीठोकपणे सांगणाऱ्या जाहिराती मुशींबद्दल गप्प असतात. काळ्या वाकटीपुरतं ते वाक्य कदाचित खरं असेल. पूर्ण दोरापुरतं नाही.

त्यात 2022 च्या सप्टेंबरात युरोपीय आयोगाने 400 ते 800 मीटर खोलीतल्या 87 जागा तळाला लागणाऱ्या सगळ्या साधनांना बंद केल्या: फ्रान्स, आयर्लंड, स्पेन आणि पोर्तुगालच्या समुद्रात मिळून 16,000 चौरस किलोमीटरांहून जास्त. इथे ट्रॉल आणि गळाचा दोर एकाच मापाने मोजले गेले. स्पेन त्यावर न्यायालयात गेला. प्रवाळावर ट्रॉल फिरणं आणि दगडाने बांधलेला दोर पडणं यांत फरक आहे असं मला वाटतं, पण दोर ओढताना प्रवाळाच्या फांद्या अडकून येतात हेही खरं. लहान बोटवाल्यांची चीड समजू शकतो. त्यांचं सगळं म्हणणं मान्य नाही.

आता मादेरा. कामरा द लोबुश हे फुंशालच्या शेजारचं कोळ्यांचं गाव. 1950 च्या जानेवारीत विन्स्टन चर्चिल तिथे बसून चित्र काढत होते, म्हणून पर्यटक त्याला ओळखतात. काळ्या वाकटीचा धंदा पिढ्यानुपिढ्यांचा. सुरुवातीला उभा दोर सरळ खाली सोडून पकडत. 1980 च्या दशकात आडवा, प्रवाहाबरोबर वाहणारा दोर आला. तो तळाला लागत नाही, हजारेक मीटरवर पाण्याच्या मधोमध लोंबतो, खाली आणखी कितीतरी खोली असते. आमिष नळाचं, म्हणजे स्क्विडचं. प्रवाळाला धोका जवळजवळ नाही. शिवाय 2005 पासून मादेरा, अझोर्स आणि कॅनरीभोवती तळाचा ट्रॉल युरोपीय कायद्याने बंद आहे. साधनाच्या बाबतीत याहून स्वच्छ खोल समुद्राची मासेमारी युरोपात दाखवणं कठीण आहे.

तरी पकड घसरली. 1998 च्या सुमारास ती 4,000 टनांच्या वर होती. नंतर 2,000 टनांच्या आसपास उतरली. बोटी कमी झाल्या, जुन्या झाल्या, हे एक कारण. पण उरलेल्या बोटी पूर्वी बेटाच्या जवळ मासा धरत त्या आता दूरच्या बुडालेल्या डोंगरांवर, कॅनरीकडे, अझोर्सच्या दिशेने जातात. जवळ मिळत असता तर एवढं डिझेल कुणी जाळलं नसतं. जवळच्या जागा थकल्या याची मला सगळ्यांत पटणारी खूण ही.

इथे आकड्यांचा एक सापळा आहे. "फेरीमागे किती किलो" हा आकडा बरीच वर्षं स्थिर दिसू शकतो, कारण तेवढ्यात गळ वाढले, अंतर वाढलं, फेरीचे दिवस वाढले. बघायचं असतं ते हजार गळांमागे किती किलो, ते कुठल्या जागेवर, आणि माशाची लांबी काय. दुसरा सापळा कोट्याचा. बरीच वर्षं मादेराची मर्यादा प्रत्यक्ष पकडीच्या वर होती. जो कोटा भरतच नाही तो कुणाचा हात धरत नाही. कागदावर मात्र "मर्यादेच्या आत मासेमारी" असं सुरेख वाक्य लिहिता येतं. तिसरी भानगड अशी की मादेराच्या खोक्यात दोन जाती मिसळून येतात. ॲफॅनोपस इंटरमीडियस ही जवळची बहीण 1983 साली वेगळी ओळखली गेली. मंडईत दोघी एकाच नावाने, एकाच भावाने विकतात, नोंदही एकत्र. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. दोघींपैकी एक घसरत असेल आणि दुसरी तिची जागा भरत असेल तर बेरजेला पत्ताही लागणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की, युरोपातल्या काळ्या वाकटीचा कल विचारला तर मी टनांचा आलेख बाजूला ठेवतो आणि मादेरात वर्षअखेरीला उतरणाऱ्या माद्यांची लांबी विचारतो. ती टिकून असेल तर बाकी दोन ठिकाणची चढउतार निभावेल. ती घटत गेली तर फ्रान्सने कितीही ट्रॉल बंद केले असले तरी उपयोग नाही. आणि मादेराचा निर्णय उत्तरेच्या निर्णयाशी एका टेबलावर बसवल्याशिवाय कोट्याचं गणित जुळणार नाही. ते अजून नीट होत नाही.

विषय निघालाच आहे म्हणून, भारतातून मला बऱ्याचदा विचारतात: "आपली वाकटी युरोपात का खपत नाही, काळी खपते तर?" आपली गोठवलेली वाकटी प्रामुख्याने चीनला जाते, तिथे ती अख्खी किंवा कापून खाणारं गिऱ्हाईक आहे. युरोपला बिनकाट्याची जाड तुकडी हवी. आपल्या वाकटीची पातळ कूस आणि बारीक काटे अशा तुकड्या काढायच्या यंत्रावर परवडत नाहीत. आणि काळ्या वाकटीबद्दलची सावधगिरी आपल्या वाकटीला चिकटवू नका. ती लवकर वाढते, किनाऱ्याजवळ अंडी घालते, तिची दुखणी वेगळी आहेत.

घ्यावा का? लेबल वाचा. युरोपीय संघाच्या नियमाने ताज्या मासळीवर शास्त्रीय नाव, पकडीचं क्षेत्र आणि साधनाचा प्रकार लिहावाच लागतो. क्षेत्र 27 (ईशान्य अटलांटिक) आणि साधन गळ असेल तर बहुधा पोर्तुगालच्या मुख्य भूमीचा. क्षेत्र 34 (पूर्व-मध्य अटलांटिक) आणि गळ असेल तर मादेराकडचा. 27 आणि ट्रॉल असेल तर ब्रिटिश बेटांच्या पश्चिमेचा. मी घरासाठी गळाचा, क्षेत्र 27 मधला घेतो. वाढीच्या वयातल्या माशावर ट्रॉल नको आणि मादेराच्या माद्यांवर आणखी मागणी नको, एवढंच त्यामागे आहे. मुशींचा प्रश्न त्याने सुटत नाही हे माहीत असूनही.

मांस मऊ, पाण्याचं प्रमाण बरंच. कालवणात ते विरघळतं, म्हणून त्या वाटेला जाऊ नका. हळद-मीठ-तिखट लावून, पाणी टिपून, रव्यात घोळवून गरम तेलात पटकन तळा. मादेरातले लोक केळं आणि पॅशनफ्रूटचा आंबट रस्सा बरोबर देतात. मला केळं नको होतं, रस्सा चालला.

पाऱ्याचं मात्र मनावर घ्या. हा भक्षक मासा आहे, त्याच्या अंगात पारा साचतो. युरोपीय संघाने बऱ्याच माशांना किलोमागे 0.5 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी पाऱ्याची मर्यादा ठेवली आहे. काळ्या वाकटीला 1.0 आहे, म्हणजे ती आधीच जास्त पाऱ्याच्या माशांच्या यादीत धरलेली. महिन्यातून एखाद-दोनदा मोठ्या माणसाने खाल्ली तर मला काळजी वाटत नाही. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांच्या ताटात ही नको, सार्डिन किंवा बांगडा द्या. आणि मादेरातून अख्खा मासा आणलात तर यकृत टाकून द्या. पारा आणि कॅडमियम दोन्ही तिथे सगळ्यांत जास्त साचतात.